कॉन्सर्ट उकुलेलेला ‘लो जी’ तार: कोणती घ्यावी आणि बसवावी कशी?

बेसूरसम्राट

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे साधी कॉन्सर्ट, म्हणजे मधल्या मापाची, उकुलेले आहे (गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य). लावलेली नेहमीसारखीच, जी-सी-ई-ए, म्हणजे पहिली जी तार तिच्या शेजारच्या सीपेक्षा उंच. कॉर्ड धरून गाणी म्हणायला हे झकास आहे. पण हल्ली एकेक सूर काढत चाली वाजवायचा नाद लागलाय आणि तिथे अडतं. मी पांढरी एकात गातो, म्हणजे सा सीवर. त्याच्या खाली वाद्यात एकही सूर नाही. यमन घ्यायचा म्हटला तर ‘नि रे ग’मधला मंद्र नि कुठून आणायचा?

यावर उपाय म्हणजे जी तार एक सप्तक खालची बसवायची (तीच ‘लो जी’), हे कळलं. आता प्रश्न असे: आहे तीच तार सैल का करत नाहीत? धातूची गुंडाळी असलेली तार घ्यावी की साधी? गिटारची चालते का? शिवाय ‘नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) कोरावा लागतो’ असं जो तो सांगतो आणि पुढे गप्प बसतो. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

चहाटळ_पाटील

वाखु (वाचनखूण) साठवली आहे. घरात उकुलेले नाही, पण धागा शंभरी गाठणार असं दिसतंय.

ताणतणाव

सैल का करत नाहीत, हे आधी घेऊ. बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात.

एक सप्तक खाली म्हणजे कंपनसंख्या निम्मी, ३९२ हर्ट्झवरून १९६. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे तीच तार ठेवली तर ताण एक चतुर्थांश उरतो. कॉन्सर्टवर नटपासून सॅडलपर्यंत (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) तारेची लांबी साधारण ३८० मिमी असते. फ्लुरोकार्बनची ०.५७ मिमी जाडीची तार त्या लांबीवर वरच्या जीला लावली की सुमारे ४.१ किलो ताण येतो. तीच खाली आणा, जेमतेम १ किलो. मग ती लोंबकळते, फ्रेटवर (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) आपटते आणि जरा जोरात छेडली की सूर चढतो.

तेव्हा तार जड हवी. ती जड करण्याचे दोन मार्ग आहेत, जाडी वाढवा नाहीतर धातूची गुंडाळी चढवा. साधी तारच हवी असेल तर पदार्थ महत्त्वाचा. नायलॉनची घनता १.१च्या आसपास, फ्लुरोकार्बनची १.७८. म्हणून त्याच जाडीला फ्लुरोकार्बन जास्त ताण धरतं. ०.९१ मिमीची फ्लुरोकार्बन तार लो जीला लावली तर कॉन्सर्टवर २.६ किलो येतात, टेनर या मोठ्या मापावर (४३० मिमी) ३.४ आणि सोप्रानो या छोट्या मापावर (३४५ मिमी) २.२. नायलॉनची तेवढीच जाड तार सोप्रानोवर १.४ किलोवर येते. ती वाजवण्यापेक्षा न वाजवलेली बरी.

हे आकडे सूत्रात घालून काढले आहेत, तुमच्या वाद्याची लांबी पट्टीने मोजून तुम्हीही काढू शकता. सांगायचा मुद्दा एवढाच की दुकानात नुसतं ‘लो जी द्या’ म्हणू नका. वाद्याची लांबी आणि तारेची जाडी या दोन गोष्टी विचारल्याशिवाय पाकीट उघडू नका. आणि सेटमधली सी तार साडेतीन-पावणेचार किलोवर असते, त्यामुळे साधी लो जी तिच्यापेक्षा थोडी मऊ लागणारच. ते सदोष नाही.

पांढरी_चार

तार बदलायची गरजच काय, असा माझा आगाऊ प्रश्न.

सा पांढरी चारवर घ्या. म्हणजे एफ, ई तारेचा पहिला फ्रेट. आता मोकळी सी तार तुमचा मंद्र पंचम झाली. मंद्र नि सी तारेवर चौथ्या फ्रेटला. वर ए तारेच्या बाराव्या फ्रेटला तार गंधार. यमन, भूप, बिहाग, काय हवं ते वाजवा. एक पैसा खर्च नाही आणि उकुलेलेचा तो खणखणीत ठेकाही शाबूत राहतो. वरची जी काढली की वाद्याची निम्मी ओळख जाते, हे कुणी सांगत नाही.

बेसूरसम्राट

@पांढरी_चार, सुचवणी चोख आहे, नुसतं वाजवणाऱ्याला पुरेल. पण मला वाजवता वाजवता गुणगुणायची सवय आणि पांढरी चारात माझा तार सा म्हणजे शेजाऱ्यांना शिक्षा. शिवाय लो जी आली की मंद्र पंचमापासून थेट तार धैवतापर्यंत जाता येतं, तेही सा पांढरी एकात. तो मोह सुटत नाही.

@ताणतणाव, आकड्यांबद्दल आभार. म्हणजे गिटारची तार?

ताणतणाव

क्लासिकल गिटारची, म्हणजे नायलॉनवाल्या गिटारची चौथी, डी तार चालते. बरेच जण तीच लावतात. मध्यम ताणाच्या सेटमधली साधारण ०.७४ मिमी असते, आत नायलॉनचे धागे आणि वर चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याची गुंडाळी. कॉन्सर्टवर जीला लावली तर ४.३ किलोच्या आसपास, सोप्रानोवर साडेतीन. टेनरवर साडेपाच होतात, तिथे ती कडक वाटेल.

मात्र अकूस्टिक गिटारची पोलादी तार चुकूनही नको. तिथली डी एकटीच ८ किलोच्या घरात जाते आणि पोलाद नरम नट आणि ब्रिज कापत जातं. दुकानदार ‘सब एकही है साब’ म्हणाला तरी नको.

नाना_एडिसन

इकडे न्यू जर्सीत आमच्या उकुलेले मंडळात या विषयावर दर महिन्याला भांडण होतं, त्यामुळे दोन पैसे टाकतो.

गुंडाळीची तार मोठ्याने, उजळ आणि लांब वाजते. इतकी की बाकीच्या तीन साध्या तारांमध्ये ती उठून दिसते, कॉर्ड मारला की तीच आधी ऐकू येते. बोट सरकलं की चर्रर्र आवाज. आणि फ्रेट जिथे टेकतात तिथे गुंडाळी झिजते, काही महिन्यांत निस्तेज होते. यातला चर्रर्रवाला त्रास कमी करायला गुळगुळीत केलेल्या गुंडाळीच्या तारा निघाल्या. फ्रीमाँटची ‘सोलोइस्ट’ त्यातली नाणावलेली. व्हिएन्नाच्या थोमास्तिक-इन्फेल्डच्या चपट्या गुंडाळीच्या तारा टेनरवाल्यांच्या लाडक्या, किंमत ऐकून घाम फुटतो पण टिकतात. साध्या तारांत वर्थ आणि इटलीच्या अक्विलाची लाल तार ही नावं कानावर येतील.

साध्या जाड तारेचा सूर गोल, थोडा ‘धप्प’. ती शेजारच्या तारांत मिसळून जाते. पण जाड तार ताठ असते, त्यामुळे वरच्या फ्रेटवर सूर किंचित चढा येतो. पाचव्याच्या पुढे फार जाणार नसाल तर जाणवणारही नाही.

अवांतर: वरची जी म्हणजे ‘खरी’ उकुलेले आणि लो जी म्हणजे भेसळ, असं काही नाही. हवाईतला ओहता-सान लो जीवरच वाजवायचा आणि एकेक सूर वाजवण्यात त्याचा हात कुणी धरला नाही. उलट आजचा सगळ्यांत गाजलेला जेक शिमाबुकुरो वरच्या जीवर टेनर वाजवतो आणि तरी सूर कमी पडल्याचं कधी वाटत नाही. हे वाद्यच मुळात १८७९ साली ऊसमळ्यांवर मजुरीला आलेल्या मदेइरा बेटावरच्या पोर्तुगीजांनी होनोलुलूला नेलेल्या छोट्या वाद्यांतून घडलं. शुद्धतेच्या गप्पा तिथे कशाला?

पांढरी_चार

नाना, शुद्धतेचं मी बोललोच नव्हतो! ठेक्याचं बोललो. लो जीवर सीचा कॉर्ड मारून पाहा, तळाला जी येतो, सगळा कॉर्ड भरदार आणि जडसर. गाण्याच्या साथीला ते छान, पण झपझप ठेका धरायला नाही. ज्यांना दोन्ही हवं त्यांनी दुसरी उकुलेले घ्यावी. (घरच्यांना हा प्रतिसाद दाखवू नये.)

गाणारी_मावशी

मी पांढरी चारशी सहमत आणि असहमतही. साथीला मला लो जीच आवडते, आवाजाखाली काहीतरी हवं असतं. पण लेकीच्या सोप्रानोवर बसवली तेव्हा काही मजा आली नाही. तार ताणात होती, सुरात होती, तरी आवाज पोकळ.

ताणतणाव

मावशी, सोप्रानोचा डबाच लहान. इतक्या खालच्या सुराला आतल्या हवेची साथ मिळत नाही, मूळ सूर क्षीण राहतो आणि कानावर त्याचे वरचे स्वरांशच येतात. कॉन्सर्टपासून पुढे परिस्थिती सुधारते, टेनरवर लो जी खऱ्या अर्थाने बोलते. धागाकर्त्यांची कॉन्सर्ट आहे, हरकत नाही.

गळ_टाकून

मालवणातून हजेरी. इथे फ्लुरोकार्बन म्हणजे मासेमारीचा दोर, आणि तो खरंच उकुलेलेला चालतो. पदार्थ तोच. पाकिटावर किती पौंड लिहिलंय ते सोडा, जाडी पाहा. दोन गोष्टी बघून घ्या. पाकिटावर शंभर टक्के फ्लुरोकार्बन लिहिलेलं हवं, कारण वरून नुसता मुलामा दिलेलं नायलॉनही त्याच फळीवर असतं. आणि जाडी व्हर्नियरने (बारीक मापं घ्यायच्या पट्टीने) तीन-चार ठिकाणी मोजा, कमी-जास्त असेल तर ती तार मोकळी सुरात लागेल पण फ्रेटवर कधीच नाही. खात्री करायची सोपी रीत: एक तुकडा पाण्यात टाका. फ्लुरोकार्बन सरळ तळ गाठतं, नायलॉन रेंगाळतं.

अजून एक, किनाऱ्यावरच्यांसाठी. नायलॉन हवेतला ओलावा पितं, पावसाळ्यात सूर दिवसातून चारदा हलतो. फ्लुरोकार्बनला पाण्याचं सोयरसुतक नाही. गुंडाळीची तार तर इथल्या खाऱ्या हवेत आणि घामात काळी पडते. म्हणून आमचं मत साध्या तारेला.

बेसूरसम्राट

पुण्यात व्हर्नियर मिळेल, मालवण नाही. :) तरी आता कल साध्या फ्लुरोकार्बनकडे, ०.९१च्या आसपास. पण नटचं कुणीच बोललं नाही अजून.

मिरजेचा

नटचं मी बोलतो. आमच्याकडे घरोघर सितार-तंबोरे, उकुलेले मी उत्साहापोटी करतो.

तुमच्या नटमधली जीची खाच बारीक तारेसाठी कापलेली आहे. जाड तार तिच्यात खाली बसतच नाही, खाचेच्या काठांवर अडकून उंच राहते. त्यातून दोन त्रास. एक, पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर तार दाबायला जास्त खाली न्यावी लागते, ती ताणली जाते आणि सूर चढा येतो. मोकळी तार ट्यूनरवर बरोबर, पहिल्या फ्रेटचा सूर बेसूर, असं झालं की तारेला दोष देऊ नका, खाच बघा. दोन, तार चिमटीत धरल्यासारखी अडते, खुंटी फिरवली तरी सूर हलत नाही आणि मग एकदम ‘टक्’ करून उडी मारतो.

खाच रुंद करायला महागड्या फायली लागत नाहीत. गॅस वेल्डिंगचं सामान विकणाऱ्या दुकानात नोझल क्लीनर मिळतो, गोल खरखरीत काड्यांचा संच असतो, बारीकपासून जाडपर्यंत. तारेपेक्षा किंचित जाड काडी निवडा. ०.९१च्या तारेला एक मिमीची ठीक. काडी पुढे-मागे करताना खुंट्यांच्या बाजूला थोडी तिरकी, उतरती ठेवा. हे महत्त्वाचं आहे. तार नटच्या फ्रेटबोर्डकडच्या काठावरच टेकायला हवी. खाच सपाट किंवा उलटी उतरली तर तार मधेच कुठेतरी टेकते आणि काठावर थरथरते. सितारीत जवारी काढायला आम्ही जे मुद्दाम करतो तेच इथे नको असताना होतं, झंकार येतो.

खोली किती? तार लावून तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवर तार आणि धातू यांच्यात किती फट आहे ते पाहा. अगदी केसभर फट दिसली पाहिजे. जास्त असेल तर आणखी कोरा. नसेलच तर जास्त खाली गेलात. आधी रुंदी करा, मग खोली. खोलीला दोन-तीन घासे, तार लावा, पाहा, पुन्हा दोन घासे. घाई करणाऱ्याचा नट फुकट जातो. गेलाच तर खाचेत खायचा सोडा चिमूटभर भरून वर फेविक्विकचा एक थेंब, दगडासारखं घट्ट होतं, पुन्हा कोरता येतं. शेवटी शिसपेन्सिलीचं टोक खाचेत घासा, तार सुळकन सरकते.

आणि हो, वरची जी परत लावायची इच्छा झाली तर रुंद झालेल्या खाचेत बारीक तार हलते, कधी झंकारते. म्हणून आधी नुसती तार लावून पाहा. पुष्कळदा गुंडाळीची ०.७४ची तार आहे त्या खाचेत बसून जाते आणि हात लावावा लागत नाही. तोही गुंडाळीचा एक फायदाच.

चहाटळ_पाटील

खायचा सोडा आणि फेविक्विक! भजी करताना उकुलेले दुरुस्त.

बेसूरसम्राट

@मिरजेचा, हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावतो. आता गाठ. माझा ब्रिज क्लासिकल गिटारसारखा, भोकातून तार घालून बांधायचा. फ्लुरोकार्बन फार गुळगुळीत असतं म्हणे, सुटतं?

मिरजेचा

सुटतं, गाठ आळशी असेल तर. तार साउंडहोलच्या बाजूने भोकात घाला, मागे दहा-बारा सेंटिमीटर काढा, ब्रिजवरून पुढे आणा, तारेच्या खालून घेऊन परत वरच्या फासात अडकवा. नायलॉनला एक आढा (फासातला वेढा) पुरतो, फ्लुरोकार्बनला दोन घ्या. शेवटचा आढा ब्रिजच्या मागच्या उभ्या बाजूवर आला पाहिजे, वरच्या सपाट भागावर नाही. वर राहिला तर ताण आला की तो सुटत जातो आणि तार सपकन निसटून लाकडावर ओरखडा काढते. म्हणून बांधताना ब्रिजच्या मागे जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद ठेवा.

ज्यांच्या ब्रिजला भोक नाही, खाच आहे, त्यांनी टोकाला आठाच्या आकाराची गाठ मारून ती खाचेमागे अडकवायची. तिथे जाड तार खाचेत शिरतच नाही कधी कधी, दुमडलेल्या पॉलिश पेपरने खाच जरा मोकळी करून घ्या.

एका वेळी एकच तार काढा. काही ब्रिजमधला सॅडल नुसता बसवलेला असतो, चिकटवलेला नसतो. सगळ्या तारा एकदम सोडल्या की तो पलंगाखाली.

नाना_एडिसन

गुंडाळीची तार घेणाऱ्यांसाठी पुरवणी: टोक कापण्याआधी तार खुंटीवर गुंडाळून ताणा, मग टोकाला कोनात मोड द्या आणि मोडीच्या पुढे कापा. नुसती कापली तर आतल्या धाग्यांवरून गुंडाळी सुटत जाते आणि नवी तार खुळखुळते. दोन-तीन वेढे खुंटीवर पुरतात.

गाणारी_मावशी

आणि पहिल्या दिवशी मैफल ठरवू नका. नायलॉन आठवडाभर उतरत राहतं, फ्लुरोकार्बन त्या मानाने लवकर स्थिरावतं. तार लावली की बाराव्या फ्रेटजवळ बोटांनी हळूच वर उचलून ताणायची, परत सुरात आणायची, असं पाच-सहा वेळा.

बेसूरसम्राट

बसवली! ०.९१ मिमी फ्लुरोकार्बन. नट कोरावाच लागला, नोझल क्लीनर घेताना दुकानदाराने ‘कोणतं वेल्डिंग?’ विचारलं, मी ‘बारीक’ म्हणालो. पहिल्या फ्रेटला ट्यूनर आता काटेकोर दाखवतोय. मोकळ्या जीपासून चौथ्या फ्रेटच्या नि पर्यंत सगळं हाताखाली आलं, यमन सुरू झाला. आवाज सीच्या मानाने जरा दबका आहे, नाना म्हणाले तसा धप्प, अंगठ्याने छेडलं की बरा लागतो. आठव्या फ्रेटच्या पुढे थोडा चढतो, पण तिकडे जायचं कामच नाही, तिथे शेजारची तार आहे.

@पांढरी_चार, ठेका खरंच गेला. मान्य.

पांढरी_चार

:) दुसरी उकुलेले.

काळी_दोनवाली

उशिरा आले. माझी टेनर आहे आणि मला पूर्ण वाद्यच खाली न्यायचंय, गिटारच्या वरच्या चार तारांसारखं डी-जी-बी-ई. गिटार शिकलेल्या भाच्याला एकाच बोटांनी दोन्ही वाजवता येईल. यालाही गिटारच्याच तारा लावू का?

ताणतणाव

लावता येतील, पण टेनरची लांबी ४३०, गिटारची ६५०. तोच सूर, तीच तार, लांबी कमी, म्हणून ताण गिटारवर होता त्याच्या ४४ टक्केच उरतो. डी तार गिटारवर ७ किलो धरत असेल तर तुमच्याकडे ३.१. तेवढ्याने वाजेल, हलक्या हाताला आवडेलही. पण साध्या जी-बी-ई तारा अडीच-तीन किलोंवर येतात आणि गिटारची साधी जी मुळातच जाडजूड, ती टेनरवर फारच धप्प वाटेल. टेनरसाठी डी-जी-बी-ईचे वेगळे सेट मिळतात, ते घ्या. त्यात डी गुंडाळीची असते, जीही बहुधा गुंडाळीची.

बॅरिटोन, म्हणजे टेनरहून मोठी, असती तर प्रश्नच नव्हता. तिची लांबी ५१०च्या आसपास, तिथे गिटारची डी साडेचार किलोला छान बसते आणि बॅरिटोनचं नेहमीचं ट्यूनिंग हेच आहे.

काळी_दोनवाली

धन्यवाद. म्हणजे सेट. मुंबईत धोबी तलावला जेर महालात फुर्ताडोस या वाद्यांच्या दुकानात शनिवारी चौकशी करते. लांबी पट्टीने मोजून घेतली आहे, ४३२ भरली.

मिरजेचा

डी आणि जी, दोन खाचा. नोझल क्लीनर विसरू नका.